फ्रेम मोजून शिकलेली चाल : मूकपटातल्या विनोदवीरांवरून पेन्सिल टेस्ट (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५

आधी काम ठरवून घेऊ. मूकपटांच्या काळातले ॲनिमेटर विनोदी सिनेमे बघून हालचाल ज्या रीतीनं शिकले, त्याच रीतीनं एक पेन्सिल टेस्ट, म्हणजे नुसत्या पेन्सिल ड्रॉइंगची चाचणी फिल्म, करायची. लांबी १२ सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २८८ फ्रेम. एक माणूस चालत येतो, थबकतो, मागे बघतो, घाबरतो आणि पळत सुटतो. भिंतीच्या कोपऱ्यावर एका पायावर घसरत वळतो आणि चौकटीबाहेर जातो. पार्श्वभूमीला एक भिंत आणि तिचा कोपरा, एवढंच.

समोर तीन जुन्या रीती आहेत. पहिली न्यूयॉर्कमधली, पॅट सलिव्हनच्या स्टुडिओतली. ऑटो मेस्मर तिथे १९१६ च्या सुमारास चॅप्लिनची कार्टून्स काढत होता. चॅप्लिननं त्यासाठी स्वतःचे निरनिराळ्या पोझमधले फोटो पाठवले. मेस्मरच्या आठवणीप्रमाणे ते तीस-चाळीस तरी होते. फोटो समोर ठेवून आणि सिनेमे पुन्हा पुन्हा बघून त्यानं ती चाल हातात बसवली. १९१९ मध्ये फेलिक्स मांजर आलं, ते या तालमीनंतर. पाठीमागे हात बांधून, मान खाली घालून विचार करत येरझारा घालणारा फेलिक्स बघितला की हे शिक्षण कुठून आलं ते वेगळं सांगावं लागत नाही. १९२३ च्या 'फेलिक्स इन हॉलिवूड'मध्ये तर तो शेपटीची काठी करून खुद्द चॅप्लिनसमोर त्याची नक्कल करतो आणि चॅप्लिन त्याला चोरीबद्दल दटावतो.

दुसरी रीत लॉस एंजेलिसच्या हायपेरियन ॲव्हेन्यूवरच्या डिस्ने स्टुडिओतली. चित्रकला शिक्षक डॉन ग्रॅहमचे संध्याकाळचे वर्ग १५ नोव्हेंबर १९३२ पासून स्टुडिओतच भरू लागले, आणि पुढे त्यांना हालचालीच्या विश्लेषणाची जोड मिळाली. तिसरी कार्टून काढणाऱ्या फ्लायशर बंधूंची, रोटोस्कोपची, म्हणजे चित्रित फिल्म फ्रेम न फ्रेम गिरवायची. तीही करून बघायची, कारण ती पहिल्या दोघींच्या बरोबर उलट टोकाला आहे.

९ जानेवारी

शिकायला विनोदी सिनेमाच का, याची उत्तरं पडदा थांबवून बघितला की दिसतात. त्या काळच्या गंभीर नाट्यपटांत कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो आणि पाय चौकटीबाहेर राहतात. चॅप्लिन आणि दुसरा विनोदवीर बस्टर कीटन यांच्याकडे कॅमेरा बहुतेक वेळा स्थिर असतो, माणूस टाळूपासून तळव्यापर्यंत दिसतो आणि जमिनीची रेषाही दिसते. कार्टूनची चौकट नेमकी अशीच असते. शिवाय आवाज नसल्यानं मनात काय चाललंय ते खांदे, पाठ आणि पाय यांनीच सांगावं लागतं. ॲनिमेटरचीही तीच अडचण.

अभ्यासाला घेतलं ते 'वन ए. एम.' (१९१६). जवळजवळ पूर्ण सिनेमाभर चॅप्लिन एकटा आहे. दारू पिऊन घरी आलेला माणूस, दोन बाजूंनी वर जाणारे जिने, गरगर फिरणारं गोल टेबल, वरच्या मजल्यावरच्या घड्याळाचा राक्षसी लंबक आणि भिंतीतून उघडणारा पलंग. दुसरं पात्र मध्ये येत नाही, त्यामुळे एकाच शरीराचा तोल कसा जातो आणि कसा सावरतो ते अखंड बघता येतं. धावण्यासाठी आणि थांबण्यासाठी कीटनचा 'वन वीक' (१९२०). थांबून वाट बघण्यासाठी लॉरेल-हार्डीचा 'बिग बिझनेस' (१९२९), ज्यात एकजण दुसऱ्याच्या वस्तूची मोडतोड करत असताना दुसरा शांतपणे उभा राहून ती पूर्ण होऊ देतो.

१२ जानेवारी

डिजिटल प्रतीतून फ्रेम वेगळ्या काढल्या. इथे पहिली चूक होते आणि ती पुढच्या सगळ्या मोजमापात मुरते, म्हणून सविस्तर लिहितो.

मूकपट हातानं कॅमेऱ्याचा दांडा फिरवून घेतलेले. सेकंदाला १६ च्या आसपास, कधी त्याहून जास्त. नेमका आकडा फिरवणाऱ्याच्या हातावर. पण व्हिडिओ फाइल २४, २५ किंवा ३० ची असते. मधली तूट भरायला प्रत करणारे काही फ्रेम दोनदा छापतात. १६ ची फिल्म २४ ची करायची तर दर दोन फ्रेमपैकी एक दुप्पट होते: एक, दोन, दोन, तीन, चार, चार. २० ची २४ करताना दर पाचवी फ्रेम दुप्पट होते. १८ ची २५ करताना सेकंदाला ७ फ्रेम दुप्पट होतात, त्याही विषम अंतरावर. हे न ओळखता मोजायला बसलं की पाय मधेच क्षणभर अडखळलेला दिसतो, आणि ते अडखळणं नटाचं आहे असं वाटतं. ते प्रत करण्याच्या यंत्राचं आहे.

३० ची प्रत सगळ्यात वाईट. २४ वरून ३० करताना चार फिल्म-फ्रेमच्या पाच व्हिडिओ-फ्रेम होतात, आणि त्यातल्या दोन फ्रेममध्ये शेजारच्या दोन चित्रांच्या आडव्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. कडा कंगव्यासारख्या दिसल्या तर तेच. आधी उलट टेलिसिने (गुंतलेल्या फ्रेम सोडवणारी प्रक्रिया) चालवून मूळ फ्रेम परत मिळवायच्या, मगच पुढे जायचं.

दुप्पट फ्रेम गाळण्यासाठी एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला एमपीडेसिमेट फिल्टर वापरला. तो शेजारच्या फ्रेमशी तुलना करून जवळजवळ सारखी असलेली टाकून देतो. दोन ठिकाणी फसतो. नट खरोखरच स्तब्ध उभा असेल तिथे तो खऱ्या फ्रेमही उडवतो, म्हणजे होल्ड (स्तब्ध थांबा) आखूड होतो, आणि आपल्याला तर होल्डच मोजायचा आहे. उलट बाजूनं, जुन्या फिल्मचा दाणा आणि ओरखडे प्रतीत शिल्लक असतील आणि वर कॉम्प्रेशनचा थर चढला असेल, तर दुप्पट फ्रेमही त्याला वेगळ्या वाटतात आणि तशाच राहतात. म्हणून फिल्टर चालत्या भागावर चालवायचा, दुप्पट होण्याची चाल (तीनाला एक, सहाला एक) ओळखायची आणि बाकीच्या दृश्यात तीच चाल हातानं लावायची. हातातल्या प्रतीत तीनाला एक निघाली. एक मिनिटाच्या तुकड्याला हाताचं काम साधारण दोन तासांचं.

१५ जानेवारी

फ्रेम छापल्या. ए-फोर, ७५ जीएसएम, आडवा कागद, दर कागदावर एक फ्रेम, फिकट करड्यात. गडद छापलं तर वर पेन्सिल दिसत नाही.

छापल्यावर लगेच भोकं पाडायची नाहीत. जुन्या फिल्मचं चित्र गेटमध्ये (फिल्म धरणाऱ्या खिडकीत) हलतं, त्यामुळे प्रत्येक फ्रेम थोडी वरखाली, डावीउजवीकडे सरकलेली असते. लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) पहिला कागद ठेवून दाराच्या चौकटीचा एक कोपरा आणि जिन्याच्या पायरीचं एक टोक अशा दोन अचल जागा निवडल्या, प्रत्येक कागद त्या दोन्हींवर जुळवला आणि मगच पंच केला. एकच खूण धरली तर कागद त्या बिंदूभोवती फिरतो. दोन हव्यात, आणि जितक्या लांब तितक्या चांगल्या.

पेगबार, म्हणजे कागद एकावर एक नेमके बसवणारी खुंट्यांची पट्टी, घरगुती. ऑफिसच्या साध्या दोन भोकांच्या पंचमध्ये भोकांच्या मध्यांतलं अंतर ८० मि.मी. आणि भोक ६ मि.मी.चं असतं. ६ मि.मी. जाडीच्या लाकडी दांडीचे १० मि.मी. उंचीचे दोन तुकडे पट्टीवर त्याच अंतरावर बसवले. दांडी कोरडी बसवून कागद लावून बघायचा आणि मगच फेविकॉल लावायचा. अर्ध्या मिलिमीटरची चूकही कागदाला फुगवते आणि शंभर ड्रॉइंगनंतर भोकं फाटायला लागतात. धंद्यातल्या ॲक्मे पेगला मध्ये गोल आणि दोन्ही बाजूंना लांबट पेग असतात. लांबट खाच कागदाला आडवं सरकायला किंचित जागा देते, त्यामुळे दमट हवेत कागद वाढला तरी तो चुरगळत नाही. दोन गोल पेगना ती सोय नाही. म्हणून कागदाचा पूर्ण गठ्ठा एकाच खोलीत दोन दिवस उघडा ठेवून मग पंच केला.

कागद पेगवर बसवायची रीत न्यूयॉर्कमध्ये राऊल बार्रेच्या नावावर आहे, १९१४ च्या आसपासची. त्याआधी विन्सर मॅकके कोपऱ्यांतल्या फुल्या जुळवत असे. मुंबईत हे शास्त्र रीतसर आलं १९५६ मध्ये. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये शिकवायला क्लेअर वीक्स आले. भारतात जन्मलेले आणि डिस्नेत काम केलेले. त्यांच्या हाताखाली जातककथेवरचा 'द बॅनियन डिअर' (१९५७) झाला, आणि ॲनिमेटर राम मोहन तिथूनच पुढे आले. म्हणजे डॉन ग्रॅहमच्या वर्गाचा धागा पेडर रोडपर्यंत पोचलेला आहे. हे इथल्या ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

१९ जानेवारी

तीन दिवस फक्त फ्लिप. पाच कागद बोटांच्या पेरांत धरून पुढेमागे. पडद्यावर पुढेमागे करण्यापेक्षा हे वेगळं आहे, कारण वेग बोटांच्या ताब्यात असतो आणि डोळा कुठे अडतो ते हाताला लगेच कळतं. डिस्नेतही फिल्मच्या फ्रेम ड्रॉइंगच्या कागदाएवढ्या मोठ्या फोटोस्टॅटवर (छायाप्रतींवर) उतरवून, पेगवर लावून अशाच चाळत.

चॅप्लिनच्या चालीतलं जे हाती लागलं ते असं. पावलं बाहेर वळलेली, गुडघा फारच थोडा वाकतो. गुडघा वाकत नाही म्हणून डोकं वरखाली कमी होतं, आणि दुसरा पाय पुढे आणायला जागा मिळावी म्हणून सगळं धड डावी-उजवीकडे कलतं. हे कलणं बाजूनं बघितलं तर दिसतच नाही. समोरून किंवा पाठीमागून दिसतं. 'द ट्रॅम्प' (१९१५) च्या शेवटी तो पाठमोरा रस्त्यानं जातो, तिथे ते पूर्ण उलगडतं. आमचा शॉट बाजूचा होता, म्हणजे ही चाल घेऊन काही उपयोग नव्हता. शॉट तीन-चतुर्थांश कोनात बदलला.

दुसरी गोष्ट टोपी आणि काठीची. टोपी ही डोक्याच्या दिशेची खूण आहे. चेहरा धूसर असला तरी टोपीच्या कडेची रेषा किती कलली ते मोजता येतं. काठी मनगटाची खूण. ज्यानं ही वेशभूषा ठरवली त्यानं दूरच्या प्रेक्षकासाठी ठरवली, पण ॲनिमेटरच्या हातात मोजपट्टीच दिली.

कीटनबद्दल एकच नोंद: तो थांबतो तेव्हा पूर्ण थांबतो. बोटसुद्धा हलत नाही. त्याच्या थांबण्याच्या आधीच्या फ्रेम मोजल्या पाहिजेत. थांबणं त्या घडवतात.

२४ जानेवारी

वेगाची चाचणी. विनोदी सिनेमांत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर माणूस चपळ दिसे. याचा ॲनिमेटरच्या मोजमापावर काय परिणाम होतो ते बघायचं होतं.

फोनवर ६० च्या वेगानं एक माणूस चालताना आणि १ मीटर उंचीवरून वाळूची पिशवी सोडताना चित्रित केली. ६० मधून दर तिसरी फ्रेम घेतली की २० ची फिल्म मिळते, दर चौथी घेतली की १५ ची. २४ ला ६० पूर्ण भागत नाही, म्हणून २४ साठी वेगळा टेक घेतला. तिन्ही २४ च्या वेगानं चालवल्या.

फोनची एक खोड आहे. ६० लिहिलेलं असलं तरी उजेड कमी झाला की तो मधेच फ्रेम सोडतो आणि फाइलचा वेग बदलता राहतो. आधी फाइल स्थिर वेगाची करून घ्यायची आणि चौकटीत एक सेकंदकाटा ठेवून पडताळायचं. पहिली दोन चित्रणं यातच गेली.

पिशवी: १ मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात. २४ नं घेतलं तर ११ फ्रेम, २० नं ९, १५ नं ७. १५ नं घेतलेलं २४ नं चालवलं की वेग १.६ पट दिसतो, पण गुरुत्वाकर्षण वेगाच्या वर्गानं वाढल्यासारखं दिसतं, म्हणजे २.५६ पट. वस्तू नुसती लवकर पडत नाही, ती खाली ओढल्यासारखी आदळते. चालणं: साध्या चालीत पाऊल अर्ध्या सेकंदाला पडतं, २४ नं १२ फ्रेम. २० नं तेच १० फ्रेम होतं आणि १५ नं साडेसात. कार्टूनमध्ये ८ फ्रेमच्या पावलाला सावकाश पळणं किंवा कार्टूनी चाल म्हणतात, आणि इथे तो माणूस प्रत्यक्षात फक्त चालत होता.

या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची नोंद हीच. विनोदी सिनेमांच्या फ्रेम मोजणाऱ्यांच्या हातात पडद्यावरचा काळ आला, माणसाच्या आयुष्यातला नाही. तो काळ आधीच दाबलेला, आणि नटानं त्या दाबासाठी अभिनय जुळवून घेतलेला. हळू फिरणाऱ्या कॅमेऱ्यासमोर चॅप्लिनला थांबायचं असेल तर प्रत्यक्षात जास्त वेळ थांबावं लागतं, नाहीतर पडद्यावर थांबा उरतच नाही. त्यामुळे त्यांच्या हालचाली चुरचुरीत आणि थांबे भरपूर. पुढच्या कार्टूनमध्ये हेच मिश्रण दिसतं. आपण आजचा माणूस २४ नं चित्रित करून त्याच्या फ्रेम मोजतो आणि कार्टून जड झालं म्हणून हळहळतो. कारण इथे आहे.

२८ जानेवारी

रोटोस्कोपची चाचणी. मॅक्स फ्लायशरनं पेटंटसाठी डिसेंबर १९१५ मध्ये अर्ज केला, ऑक्टोबर १९१७ मध्ये ते मिळालं. काचेच्या मागून फिल्मची एकेक फ्रेम पाडायची आणि वर कागद ठेवून गिरवायची. लाइटबॉक्स आणि छापील फ्रेम यांनी तेच होतं. आपल्याच २४ च्या चित्रणातल्या ६० फ्रेम गिरवल्या: चालणं आणि थबकणं.

निकाल अपेक्षेपेक्षाही वाईट. माणूस तरंगतो. कारणं एकेक करून शोधली. शर्टाची बाह्यरेषा दर फ्रेमला वेगळ्या घडीवर पडते, हात ती घडी इमानानं काढतो, आणि सगळ्या कडा उकळत्या पाण्यासारख्या हलत राहतात. सैल पँटमध्ये गुडघा दिसत नाही, तिथे अंदाजानं काढला आणि पाय लांब-आखूड होत राहिला. फोटोत वजन सावलीनं कळत होतं. रेषेत सावली उरली नाही, तर वजनही गेलं. आणि धूसर फ्रेममध्ये हाताची कड कुठली धरायची याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं निघालं.

मग फ्लायशरांचा कोको विदूषक का जमला? डेव्ह फ्लायशरनं विदूषकाचा काळा अंगरखा घालून अभिनय केला, पुढे मोठी पांढरी गोंड्यांची बटणं. काळा सपाट आकार, म्हणजे आतल्या घड्या नाहीत. गोंडे म्हणजे धडाच्या मध्यरेषेवरच्या ठळक खुणा. गिरवण्यासाठी याहून सोयीचा पोशाख सापडणं कठीण. १९३२ च्या 'मिनी द मूचर'मध्ये कॅब कॅलोवेच्या नाचावरून गिरवलेला भुताटकीचा वॉलरस आजही अंगावर येतो, कारण कॅलोवेचा नाच आधीच इतका रेखीव आहे की गिरवणाऱ्याला निवडण्यासारखं फारसं उरत नाही. गिरवणं वाईट नाही. निवड न करता गिरवणं वाईट.

२ फेब्रुवारी

आता ग्रॅहमच्या वर्गाची दिशा. वॉल्ट डिस्नेनं २३ डिसेंबर १९३५ ला ग्रॅहमला लांबलचक टिपण पाठवलं. त्याचा गाभा असा, की कार्टूनचं काम खऱ्या हालचालीची नक्कल करणं नाही, हालचालीचं अर्कचित्र काढणं आहे. पण त्यासाठी खरी हालचाल आधी कळलेली हवी. त्यांच्या ॲनिमेटरांनाही फोटोस्टॅट जसेच्या तसे उतरवले की पात्र निर्जीव होतं हे अनुभवानं कळलं होतं. मग ते फोटोस्टॅट बघून बाजूला ठेवू लागले.

तसंच केलं. ६० फ्रेममधून ११ पोझ निवडल्या. निवडीची कसोटी एकच: शरीराची दिशा जिथे बदलते ती फ्रेम. मधल्या सुंदर दिसणाऱ्या फ्रेम सोडून दिल्या. प्रत्येक पोझसाठी निळ्या पेन्सिलीनं टाचेपासून डोक्यापर्यंत एकच वक्र रेषा काढली, छापील कागद काढून घेतला, वक्र दीडपट वाकवला आणि त्यावर नव्यानं आकृती उभी केली. पोझ काळ्या रंगानं भरून बघितली: छायाकृतीत हात धडात बुडत असेल तर ती पोझ बाद. ११ पैकी ४ बाद झाल्या. चारही ठिकाणी हात पोटासमोर होता. कीटन किंवा चॅप्लिनच्या फ्रेम काळ्या करून बघितल्या तर असं क्वचित होतं. त्यांचे हात शरीराबाहेर असतात. स्टेजवर वाढलेल्या माणसांना ते कुणी शिकवावं लागलं नाही.

आकार बदलला, पण कुठली पोझ कितव्या फ्रेमला येते ते बदललं नाही. पहिल्या फेरीत हा नियम पाळायचाच; नाहीतर सुधारणा आकारामुळे झाली की काळामुळे ते कळत नाही.

६ फेब्रुवारी

एक्सपोजर शीट (कितव्या फ्रेमला कुठलं ड्रॉइंग याचा तक्ता) भरलं. चालणं १ ते ९६ (आठ पावलं, प्रत्येकी १२), थबकणं ९७ ते ११२, होल्ड ११३ ते १४२, मागे बघणं १४३ ते १६२, दुसरा होल्ड १६३ ते १८६, घाबरणं १८७ ते २०६, पळायची पूर्वतयारी ८ आणि दोन पावलं १६ मिळून २०७ ते २३०, घसरत वळणं २३१ ते २६०, पळून जाणं २६१ ते २७६, रिकामी चौकट २७७ ते २८८.

चालणं टूजवर, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम. घाबरणं आणि वळणं वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवं ड्रॉइंग.

११ फेब्रुवारी

पहिली टेस्ट. फोन कागदापासून ४५ सें.मी. वर, एक्सपोजर आणि फोकस दोन्ही कुलूपबंद. नाहीतर हात चौकटीत आला-गेला की उजेड लुकलुकतो.

दोष तीन. घाबरणं पाण्याखालचं वाटतं: इनबिटवीन (दोन मुख्य पोझमधली ड्रॉइंग) सगळी बरोबर मध्यावर काढलेली होती. घाबरल्यावर शरीर आधी खाली दबलं पाहिजे आणि मग वर उडलं पाहिजे, आणि वर जाताना पहिल्याच ड्रॉइंगमध्ये निम्म्याहून जास्त अंतर कापलं पाहिजे. चार्ट बदलला: दबायला ६ फ्रेम, वर जायला ३, वरच्या टोकाला सावकाश स्थिरावायला ११.

चालणं रेंगाळतं. १२ फ्रेमचं पाऊल खरं आहे, पण विनोदी नाही. २४ जानेवारीची नोंद पुन्हा वाचली आणि पाऊल १० चं केलं. टूजवर पाच ड्रॉइंग: कॉन्टॅक्ट (पाय टेकतो), डाऊन (शरीर दबतं), पासिंग (पाय पायाजवळून जातो), अप (शरीर वर येतं), आणि पाय पुढे फेकलेला. आठ पावलांत १६ फ्रेम वाचल्या.

तिसरा दोष होल्डचा. त्याला वेगळा दिवस.

१२ फेब्रुवारी

भोकं फाटलेल्या नऊ ड्रॉइंगना मागून पारदर्शक टेप लावून पुन्हा पंच केला. टेप फक्त भोकाभोवती. लांब लावली तर लाइटबॉक्सवर पट्टा दिसतो.

१७ फेब्रुवारी

कोपऱ्यावरचं वळण. चॅप्लिनची ही खास लकब: वेगात आलेला माणूस एक पाय वर उचलतो, दुसऱ्यावर उड्या घेत घसरतो, एक हात टोपीवर, आणि मग नव्या दिशेला सुटतो. बघताना वाटतं की वेग वळणात आहे. कागद चाळले की कळतं, वळणात वेग संपतो. शरीर आधीच्या दिशेला जात राहतं, पाय वळलेला असतो, आणि उचललेला पाय बाहेरच्या बाजूला वजनाची भरपाई करत असतो. डोकं सगळ्यात आधी नव्या दिशेला वळतं आणि धड सगळ्यात शेवटी.

आमच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये सगळं शरीर एकदम वळत होतं, फिरत्या दारासारखं. चार भाग वेगळे केले: डोकं २३१ ला वळायला लागतं, टेकलेला पाय २३५ ला, खांदे २४० ला, कंबर २४६ ला. उड्या तीन, प्रत्येक आधीपेक्षा आखूड: १०, ८ आणि ६ फ्रेम. उरलेल्या ६ फ्रेममध्ये दुसरा पाय टेकतो आणि शरीर पुढे झुकतं. ते झुकणं नसेल तर पुढचं पळणं ढकलल्यासारखं सुरू होतं.

घसरताना तळव्याखाली धुळीच्या दोन रेषा काढून बघितल्या आणि काढून टाकल्या. वजन शरीरात नसेल तर धूळ ते आणून देत नाही.

२१ फेब्रुवारी

चालण्याच्या भागात पाय जमिनीवर सरकतो. कारण सापडलं. पार्श्वभूमी दर फ्रेमला ३ मि.मी. सरकत होती आणि आकृती टूजवर होती. टेकलेला पाय दर ड्रॉइंगला ६ मि.मी. मागे जातो, म्हणजे हिशेब बरोबर. पण प्रत्येक ड्रॉइंगच्या दुसऱ्या फ्रेमला भिंत ३ मि.मी. सरकलेली असते आणि पाय जागेवरच असतो. डोळ्याला ते थरथरणं दिसतं. उपाय दोन: भिंतही टूजवर सरकवायची किंवा आकृती वन्सवर न्यायची. भिंत टूजवर नेली की ती धक्क्यानं चालते. चालण्याची वन्सवर नवी ड्रॉइंग काढली. दोन पावलांच्या चक्राला १० ऐवजी २०.

२० फ्रेमचं चक्र २४ च्या वेगाला मिनिटाला १४४ पावलं देतं. १२ फ्रेमचं पाऊल १२० देत होतं, ८ चं १८० देतं. आवाज आला तेव्हा हेच गणित मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) बसवलं गेलं. 'स्टीमबोट विली' (१९२८) साठी ते काम विल्फ्रेड जॅक्सननं केलं. नावातच कीटनच्या त्याच वर्षीच्या 'स्टीमबोट बिल, ज्युनियर'ची सही आहे.

२६ फेब्रुवारी

होल्ड. एक्सपोजर शीटवर सगळ्यात सोपा दिसणारा भाग आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा.

मागे बघण्याआधी ३० फ्रेम आणि बघितल्यानंतर २४, असं धरलं होतं. हे उलटं आहे. माणूस का थबकला ते प्रेक्षकाला अजून माहीत नाही, तिथे लांब थांबण्यात काही नाही. त्यानं बघितलं, आणि बघितलेलं त्याच्या डोक्यात शिरतंय, ती जागा लांब हवी. हार्डी कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा तो नेमकी हीच जागा ताणतो. पहिला होल्ड २२ केला. तिथले ८ आणि चालण्यातले १६ मिळून २४ फ्रेम दुसऱ्या होल्डला दिल्या. तो ४८ झाला, पूर्ण दोन सेकंद. एकूण २८८ तसेच.

एकच ड्रॉइंग ४८ फ्रेम ठेवलं की ते कागद होतं. फेलिक्सला हे चालून जाई, कारण तो काळा सपाट आकार आहे आणि रेषा कमी. रेषेच्या आकृतीला चालत नाही. म्हणून ४८ चे तीन भाग: १४ फ्रेम पूर्ण स्तब्ध (कीटनसारखं), १६ फ्रेम खांदे ३ मि.मी. खाली उतरतात, टोपीची कड किंचित कलते, बाकी काही नाही. शेवटचे १८ पुन्हा स्तब्ध, त्यात एक पापणी, ५ फ्रेमची. पापणी मिटायला २, मिटलेली १, उघडायला २. पापणी होल्डच्या अगदी शेवटी आणली तर ती घाबरण्याची सुरुवात वाटते. आठ फ्रेम आधी आणली की विचार वाटतो.

'स्नो व्हाइट' (१९३७) मधल्या डोपीसाठी डिस्नेनं बर्लेस्क या विनोदी रंगमंचप्रकारातल्या एडी कॉलिन्सला कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. डोपीला संवाद नाहीत, त्याचं सगळं अशाच थांब्यांत आहे. विनोदी नट बोलावण्यामागचं कारण या ४८ फ्रेमवर बसल्यावर पटलं: थांबा किती लांब ताणायचा हे ज्याला प्रेक्षकांच्या हशानं शिकवलंय, त्याच्याकडून ते उसनं घ्यावं.

३ मार्च

दुसरी टेस्ट. होल्ड चालला. वळण चाललं, फक्त तिसरी उडी अजून जड आहे. वर गेलेला पाय पहिल्या दोन उड्यांइतकाच उंच राहतो, तो १५ मि.मी. खाली आणायचा. पळून जाण्याच्या शेवटच्या पावलात आकृती चौकटीबाहेर जाताना हवी त्यापेक्षा लहान झाली आहे. २७० ते २७६ ची सात ड्रॉइंग पुन्हा.

रिकाम्या चौकटीच्या १२ फ्रेम कमी पडतात. माणूस गेल्यावर भिंत निदान २० फ्रेम एकटी दिसली पाहिजे. आठ फ्रेम चालण्यातून घेता येणार नाहीत, पाऊल बिघडेल. पहिल्या होल्डमधून घ्यायच्या: २२ चे १४. शीट बदललं, उद्या पुन्हा शूट.